ठोक्याच्या पाण्याचा वाडगा

मी एक जुना तांब्याचा वाडगा आहे. माझ्यात पाणी राहत नाही, कारण माझ्या तळाला करंगळी जाईल एवढे भोक आहे. तांबटाच्या दुकानात, दारासमोरच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. नवीन गिऱ्हाईक आले की आधी माझ्याकडे बघते आणि मग हळूच विचारते, "तांबटाच्या दुकानात गळकं भांडं कसं हो?" मी काही राग मानत नाही. मित्रांनो, ज्या हातांनी मला घडवले त्याच हातांनी हे भोक पाडले आहे. ते का पाडले हे तुम्हाला सांगावे, म्हणून तर मी तोंड उघडले. नाहीतर भांड्याने बोलावे कशाला?

माझा जन्म याच दुकानात झाला. शेजारच्या बेकरीसाठी एक मोठे पातेले घडवून झाले आणि तांब्याच्या पत्र्याचा गोल तुकडा उरला. आमच्या मालकांना, म्हणजे बाबांना, तुकडा टाकून देणे कधी जमले नाही. वाकडा खिळासुद्धा ते सरळ करून डब्यात ठेवायचे. त्यांनी तो तुकडा भट्टीत लाल होईपर्यंत तापवला, पाण्यात विझवला आणि मऊ झाल्यावर ऐरणीवर घेऊन ठोकायला बसले. तापवायचे, विझवायचे, ठोकायचे, पुन्हा तापवायचे. हळूहळू तळ खोल गेला, काठ वर आला. मग त्यांनी माझ्या अंगभर बारीक ठोक्यांची नक्षी उठवली आणि लिंबू-मीठ लावून असे घासले, की माझ्यात दुकानाचे छप्पर दिसू लागले.

बाबांची लेक शेजारीच बसून एक किटली घासत होती. तिला सगळी गल्ली ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणतो. ती म्हणाली, "बाबा, याला गिऱ्हाईक कुठे आहे? एवढी मेहनत कशाला?"

"गिऱ्हाईक येतं गं," बाबा म्हणाले. "भांडं आधी असावं लागतं."

गिऱ्हाईक काही आले नाही. बाबांनी मला वरच्या फळीवर ठेवले आणि तिथेच मी राहिलो. माझ्यानंतर घडलेल्या किटल्या, हंडे, पातेली लोकांच्या घरी गेली आणि मी मात्र लालाचा काळपट झालो. एका कोळ्याने माझ्यात बिऱ्हाड थाटले. खरे सांगतो, मी मनातून चांगलाच रुसलो होतो. खाली बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत असायचे, "तांब्यासारखं दुसरं काही नाही बघा. पाणी ठेवा, अंगाला चांगलं. फक्त आंबट तेवढं ठेवू नका, कळकेल." एरवी त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे, पण तांब्याचा विषय निघाला की त्यांना आवरणे कठीण. फळीवर बसून ते ऐकताना मला वाटे, एवढे कौतुक करता, मग मला खाली का घेत नाही?

आणि एक दिवस त्यांनी मला खाली घेतले.

त्या दिवशी बेकरीवाले काका पावाच्या टोपलीत एक पिल्लू घालून आले होते. त्यांच्या कुत्रीला भट्टीमागच्या उबेत पिल्ले झाली होती. बाकीची लोकांनी नेली, एक मादी त्यांनी स्वतःला ठेवली आणि हे एक उरले होते. बाबांचे आणि त्यांचे जुने सख्य. दोघे एकमेकांची टर उडवल्याशिवाय चहा पीत नसत.

"घे," बेकरीवाले म्हणाले. "तुझ्या या ठोकाठोकीत चोर येऊन ऐरण उचलून नेली तरी तुला पत्ता लागायचा नाही. राखायला कुणीतरी हवं."

"हे राखणार?" बाबा म्हणाले. "पहिल्याच ठोक्याला पळून जाईल."

ते पळाले नाही. बाबांनी हातोडी मारली तसे पिल्लाने कान उभे केले, तिथेच बूड टेकले आणि शेपटी जमिनीवर आपटू लागले. बाबा थांबले की तेही थांबे. ताई हसून हसून बेजार झाली. "बाबा, याच्या शेपटीतच हातोडी आहे," ती म्हणाली. तेव्हापासून त्याचे नाव ठोक्या पडले. बेकरीत राहिलेली त्याची बहीण कायम पिठात लोळलेली असे, तिला सगळे मैदी म्हणत.

ताईने त्याला पाणी द्यायला पत्र्याचा एक डबा आणला. बाबांनी तो काढून घेतला. "पत्र्याच्या डब्यात? तांबटाचं कुत्रं आहे ते." असे म्हणून त्यांनी फळीवर हात घातला, कोळ्याला बाहेर काढले आणि मला पुन्हा लिंबू-मिठाने घासले. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते कसे सांगू? इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते गिऱ्हाईक हेच, चार पायांचे, असे मला वाटले.

आमचे दिवस फार आनंदात गेले. ऐरणीखालची जागा ठोक्याची आणि त्याच्या शेजारची माझी. बाबांनी दोन ठोके द्यायचे आणि मुद्दाम थांबायचे. मग ठोक्याची शेपटी माझ्या काठावर यायची, टण्ण. पुन्हा दोन ठोके, पुन्हा टण्ण. रस्त्याने जाणारे लोक हा खेळ बघायला दारात उभे राहत. दात येत होते तेव्हा त्याने माझा काठ चावून चावून खरबरीत केला. मी कुरकुर केली नाही. तापलेले तांबे विझवले की त्यावरून बारीक पापुद्रे झडतात, कानशीने घासले की कीस पडतो. ते सगळे ऐरणीखाली साचे, ठोक्या त्यातच लोळे आणि नंतर निवांतपणे पंजे चाटत बसे. ताई कसायाकडून त्याच्यासाठी खास कलेजी आणायची, पोराच्या अंगाला लागावे म्हणून. त्याच्यासाठी जे जे चांगले वाटले ते सगळे त्या दोघांनी केले. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे ऐकताना कुणाला त्यांचा राग यायला नको.

ठोक्या मोठा झाला, पण भरला नाही. पहिले वर्ष सरल्यावर तो जेवण अर्धे टाकू लागला. मधूनच पिवळे ओकायचा. पाणी मात्र फार पिऊ लागला. मी सकाळी भरलेला दुपारच्या आत रिकामा होई. मित्रांनो, मी किती भोळा होतो पाहा. मला वाटले, त्याला मी फार आवडतो.

"ऊन बाधलं असेल," बाबा म्हणायचे. मग जंताचे औषध झाले, पोटाचे झाले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा येरे माझ्या मागल्या. एक दिवस बाबांनी दोन ठोके दिले आणि थांबले. टण्ण झालेच नाही. बाबांनी पुन्हा दोन ठोके दिले. ठोक्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले, शेपटी थोडी हलवली आणि डोके पुन्हा पंजांवर टेकवले. बाबांनी हातोडी खाली ठेवली. "पोरी," त्यांनी हाक मारली, "याला घेऊन जा डॉक्टरांकडे. आत्ताच्या आत्ता."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासले. यकृताचे आकडे फार चढले होते. त्यांनी औषधे दिली, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतले, तरी आकडे तिथेच. मग पोटाची सोनोग्राफी झाली. शेवटी ठोक्याला गुंगी देऊन सुईने यकृताचा बारीकसा तुकडा काढला आणि तो मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. ठोक्या काय खातो, कुठे झोपतो, पाणी कशात पितो, असे सगळे त्या विचारत होत्या. 'तांब्याच्या वाडग्यात' असे ताईने सांगितले तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "पुढच्या वेळी तो वाडगा घेऊन या. आणि वडिलांनाही आणा," त्या म्हणाल्या.

म्हणून मी दवाखाना पाहिला. कापडी पिशवीतून मला काढून ताईने स्टीलच्या टेबलावर ठेवले. शेजारी ठोक्या उभा होता, त्याचे पाय घसरत होते आणि बाबांनी त्याला छातीशी धरले होते. डॉक्टरबाईंनी मला हातात घेतले, फिरवून पाहिले. "सुंदर काम आहे, काका," त्या म्हणाल्या. बाबांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. मग डॉक्टरबाईंनी मला खाली ठेवले आणि सांगितले, की ठोक्याच्या यकृतात तांबे साठले आहे.

"अन्नातून, पाण्यातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं," त्या म्हणाल्या. "जास्तीचं असेल ते यकृत बाहेर टाकतं. याचं यकृत ते टाकू शकत नाही. हा जन्माचा दोष आहे, आईबापांकडून आलेला. तांबं आत साठत जातं आणि यकृत आतल्या आत मरत जातं. बरेच दिवस बाहेरून काहीच दिसत नाही."

बाबांनी माझ्याकडे बोट केले. "म्हणजे यानं झालं?"

"नाही. वाडगा नसता तरी आजार होताच. पण हौद भरून वाहतोय तिथे आपण वरून आणखी तांब्या कशाला ओतायचा? कलेजी बंद करा, तीत तांबं फार असतं. पाणी चिनी मातीच्या भांड्यात द्या. मी एक गोळी देते, ती तांबं धरून लघवीवाटे बाहेर काढते. उपाशीपोटी द्यायची. आणि याची भावंडं कुठे असतील तर त्यांनाही तपासून घ्या. ती आज धडधाकट दिसत असतील, तरीसुद्धा."

बाबांनी ठोक्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाई, माझा जन्म गेला तांब्यात. मी काय लोकांना विष विकलं?"

"तुम्हाला-मला त्याचा त्रास नाही, काका. याला आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण बाबांना तो लागला. 

ताईने चिनी मातीचे पांढरे भांडे आणले. ठोक्याने ते हुंगले आणि माझ्या जागेपाशी येऊन उभा राहिला. मी तिथे नव्हतो, फळीवर होतो. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच केले. पाण्यावाचून जीभ बाहेर आली, तरी तो पांढऱ्या भांड्याला तोंड लावीना. मग बाबांना एक युक्ती सुचली. तांबटालाच सुचावी अशी ती युक्ती होती. त्यांनी मला भट्टीवर तापवले, आत नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, कथील फिरवले आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे ओढत नेले. माझे पोट चांदीसारखे पांढरे झाले. अशी कल्हई त्यांनी कुण्या गिऱ्हाइकालाही करून दिली नसेल.

"झालं," ते ताईला म्हणाले. "आता तांबं बाहेर आणि पाणी आत. दोघांची गाठ पडायला नको."

ताईलाही ते पटले. डॉक्टरबाईंना मात्र कुणी विचारले नाही. भांड्यातले त्यांना काय कळणार, असे बाबांना वाटले. ठोक्या माझ्यात तोंड घालून घटाघटा पाणी प्याला आणि बाबांनी डोळे पुसले. मीसुद्धा खूश होतो. मला वाटले, आपण दोघेही वाचलो.

ताई रोज सकाळी त्याला उपाशीपोटी गोळी द्यायची आणि ती उलटून पडू नये म्हणून तासभर त्याचे डोके मांडीवर घेऊन बसायची. कलेजी बंद झाली. तरीही पुढच्या तपासणीत आकडे हवे तेवढे उतरले नाहीत. डॉक्टरबाईंना ते कोडे पडले आणि एक दिवस त्या स्वतःच दुकानात आल्या.

ऐरणीपाशी वाकून त्यांनी मला पाहिले. काठाच्या आत ठोक्याच्या दातांनी कल्हई खरवडली होती, पांढऱ्यातून लाल रेघा दिसत होत्या.  मग त्यांनी ठोक्याचा पंजा उचलला आणि बोटे फाकवली. मधल्या केसांत लालसर कीस चमकत होता.

"हा दिवसभर इथेच असतो?" त्यांनी विचारले.

"पिल्लू होता तेव्हापासून," बाबा म्हणाले. "माझ्या पायाशी." आणि हे म्हणता म्हणताच त्यांना उमगले. मी त्यांचा चेहरा खालून पाहत होतो. एवढे म्हातारे मी त्यांना तोवर कधी पाहिले नव्हते.

डॉक्टरबाई उठल्या. "काका, तुमच्या जागी असते तर मीही त्याला पायाशीच ठेवलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आता नाही ठेवायचं."

त्या दिवसापासून ठोक्या मागच्या अंगणात राहू लागला. ताईने त्याचे पंजे धुतले, त्याला धुतलेली गोधडी दिली, पांढरे भांडे दिले. या वेळी तो त्यातून प्याला. काय करील बिचारा? मधले दार बंद झाले आणि मी ऐरणीपाशी पालथा पडून राहिलो. बाबा काम करायला बसले की दारापलीकडून आवाज यायचा, धप्. ठोक्याची शेपटी दारावर आपटायची. दोन ठोके, धप्. दोन ठोके, धप्. बाबांना ते सोसेना. ते हातोडी टाकून दाराशी जाऊन बसत. अलीकडे बाबा, पलीकडे ठोक्या. तयार होत आलेली कामे पडून राहिली.

मध्यंतरी बरे दिवस आले. ठोक्या पोटभर जेवू लागला, आकडे उतरले. ताई गुणगुणायला लागली. मग एके सकाळी तिच्या लक्षात आले, की त्याचे पोट फुगले आहे. पाय काड्यांसारखे आणि पोट मात्र तट्ट. डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक आली होती. डॉक्टरबाईंनी पोटातले पाणी काढले, ते पुन्हा भरले. यकृत व्रणांनी आवळून गेले आहे, असे त्यांनी सांगितले. तांबे आता कमी होत होते, पण ज्या यकृतासाठी ते कमी करायचे ते फारसे उरलेच नव्हते. वर्षभर आधी कळले असते तर कदाचित, असे त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडले.

शेवटी एका दुपारी त्यांनी ताईला सांगितले, "आता त्याला जिथे बरं वाटतं तिथे राहू द्या."

बाबांनी आधी दुकानाची जमीन स्वतःच्या हातांनी धुतली. कोपऱ्यातला कीस बोटाने टिपून काढला. मग ताईने मधले दार उघडले. ठोक्या हळूहळू चालत आला. ऐरणीखाली गोधडी होती, पण तो आधी माझ्याकडे आला. बाबांनी मला उताणे केले होते. त्याने माझ्यात तोंड घातले. मी कोरडा होतो. त्याने माझा तळ चाटला, थोडा थांबला आणि बाबांकडे पाहिले.

मित्रांनो, त्या वेळी त्यांनी माझ्यात पाणी ओतले असते तरी कुणाला काय बिघडणार होते? ताई स्टीलचा तांब्या घेऊन पुढेही झाली. पण बाबांनी मान हलवली. ते मोरीवर गेले आणि साबणाने हात धुऊ लागले. तांबटाच्या हातांच्या रेघांत तांबे बसलेले असते, ते असे निघत नाही. त्यांनी पुन्हा साबण लावला, पुन्हा घासले, नखांत काडी घातली. कितीतरी वेळ ते धूत होते. मग त्यांनी ओल्या हातांची ओंजळ केली, ताईने तीत पाणी ओतले आणि ठोक्या त्या ओंजळीतून प्याला. थोडेच प्याला. बाबांनी एक थेंबही सांडू दिला नाही.

तो गोधडीवर आडवा झाला. बाबांनी हातोडी घेतली नाही. लाकडी मोगरी घेतली आणि ऐरणीच्या कडेवर अगदी हळू दोन ठोके दिले. थांबले. आम्ही तिघेही वाट पाहत होतो. शेपटी उचलली गेली आणि माझ्या काठावर पडली. आवाज फार बारीक होता, पण आम्हाला ऐकू आला. ऊन कलायच्या आत ठोक्या गेला. त्याचे तिसरे वर्षही पुरे झाले नव्हते.

दुकान बंद राहिले. बेकरीवाले काका भेटायला आले. या वेळी टर उडवली नाही, नुसते बाबांशेजारी बसून राहिले. जाताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "असा बसू नकोस रे," ते म्हणाले. "यंदा मैदीला पिल्लं होऊ देणार आहे. पहिलं पिल्लू तुझं."

ताई दारात उभी होती. "काका, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं मैदीला तपासून घ्या म्हणून."

"अगं, घोड्यासारखी पळते ती. चांगल्या जिवाला उगाच सुया कशाला टोचायच्या? माझ्याकडे चार घरांनी आत्ताच सांगून ठेवलंय पिल्लांसाठी."

ताई बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले, म्हणजे एका कानाने.  दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दुकान उघडले, मला ऐरणीवर पालथे घातले, टोकदार छिन्नी माझ्या तळाच्या बरोबर मध्ये ठेवली आणि हातोडी उचलली. क्षणभर हात वरच राहिला. मग ठोका पडला. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण ज्या माणसाने वाकडा खिळासुद्धा कधी फेकला नाही, त्याला काय वाटले असेल, हे माझ्या ध्यानात आले आणि मी माझे दुःख विसरलो.

मला तसाच हातात घेऊन ते बेकरीत गेले. पाव घ्यायला गर्दी होती. बाबांनी मला गल्ल्यासमोरच्या फळीवर ठेवले. बेकरीवाल्यांनी मला उचलले आणि त्यांच्या बोटाला भोक लागले.

"हे कुणी केलं?"

"मी."

"तू?" बेकरीवाल्यांचा विश्वास बसेना. ते बाबांना लहानपणापासून ओळखत होते.

"मला डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, भांड्यातलं त्यांना काय कळतं? कल्हई केली. माझा शहाणपणा त्याला नडला. म्हणून हे भोक, पुन्हा कुणी यातून प्यायला नको. तुझी मैदी पळते, ठोक्याही पळायचा. तिची पिल्लं पळतील. पळता पळता एक दिवस त्यातल्या कुणाची शेपटी हलायची थांबेल, आणि त्या घरात माझ्यासारखा कुणीतरी असेल." त्यांनी मला बेकरीवाल्यांच्या हातातून परत घेतले. "मला पिल्लू नको. तू फक्त तिला तपास."

 बेकरीवाल्यांनी हातांवरचे पीठ झटकले, पोराला गल्ल्यावर बसायला सांगितले आणि मैदीच्या गळ्यात दोरी अडकवली.

मैदीच्या यकृतातही तांबे साठायला लागले होते. पण अजून व्रण नव्हते. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेवर आणलीत. तिला गोळी सुरू झाली, खाणे बदलले आणि पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियाही झाली. गोळी दिल्यावर तासभर तिला काही खायला द्यायचे नसते. बेकरीत राहून तासभर उपाशी! बेकरीवाले तेवढा वेळ तिला घेऊन रस्त्यावर येरझाऱ्या घालतात आणि कुरकुरतात. पण एक दिवसही चुकवत नाहीत. तिची बाकीची भावंडे ज्या ज्या घरी गेल्याचे त्यांना आठवले, त्या सगळ्या घरी त्यांनी निरोप धाडला. काही घरे आता त्यांना आठवत नाहीत. त्या घरांची आठवण मला अधूनमधून येते.

बाबांनी मला खुंटीवर टांगले ते तेव्हापासून. कुणी भोकाबद्दल विचारले की बाबा काम थांबवतात आणि ठोक्याची गोष्ट सांगतात. तांब्याचे कौतुक ते आजही करतात, पण शेवटी विचारतात, "घरी कुत्रं आहे का हो?"

मित्रांनो, तुम्हीही पिल्लू आणाल तेव्हा त्याचे कान, त्याचा रंग जरूर पाहा. पण त्याचे आईबाप कसे आहेत, तेही विचारा. ते खेळत असेल तेव्हाच त्याला एकदा डॉक्टरांना दाखवा, कारण त्याच्या पोटात काय दुखते हे ते सांगणार नाही. त्याला काही झालेच तर त्याच्या भावंडांच्या घरी जाऊन सांगा. लोक ऐकणार नाहीत, तरी सांगा. आणि डॉक्टरांनी एखादी गोष्ट बंद करायला सांगितली, तर ती तुमच्या कितीही आवडीची असो, बंद करा. मी स्वतः तांब्याचा आहे आणि हे सांगतो आहे.

आता संध्याकाळ झाली की मैदी बेकरीवाल्यांबरोबर दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येते. आत यायची तिला मनाई आहे. ती बाहेरूनच माझ्याकडे पाहते, नाक वर करून हुंगते आणि निघून जाते. बाबा कामाला बसतात. दोन ठोके देतात आणि थांबतात. हात वरच राहतो, मान ऐरणीखाली वळते. मी समोरच्या भिंतीवर असतो. त्यांच्यासाठी एकदा तरी वाजावे असे मला फार वाटते, पण मला आपणहून वाजता येत नाही. थोड्या वेळाने ते पुढचा ठोका देतात.